आखातातला एक रिकामा दिवस

साखर कारखान्याच्या वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना विश्रांती म्हणजे काय हे मोठेपणी नव्याने शिकावे लागते. आमचे वडील हरेगावच्या बेलापूर कंपनीत कामाला होते. तो कारखाना बंद पडून कितीतरी वर्षे लोटली, पण त्याचा भोंगा आम्हा भावंडांच्या कानांत अजून शिल्लक आहे. दिवसाचे तीन तुकडे त्या भोंग्याने पाडलेले असत. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा निजत आणि आई तोंडावर बोट ठेवून आम्हाला अंगणाबाहेर घालवी. घरात कोणी झोपले आहे म्हणजे बाकीच्यांनी श्वास रोखून वावरायचे, अशी झोपेची आमची पहिली ओळख.

यात कोणाचा दोष नव्हता. ऊस कोणासाठी थांबत नाही. कोयत्याने तो जमिनीपासून वेगळा झाला की तासागणिक त्याचा उतारा घटू लागतो, म्हणून गळीत एकदा सुरू झाले की रात्रंदिवस चालवावेच लागते. दिवाळीच्या आसपास पेटलेली ती भट्टी उन्हाळा लागेपर्यंत विझत नाही. नाताळ, नवे वर्ष, उपवासकाळ, सारे काही पाळ्यांच्या हिशेबात बसवावे लागते.

वडिलांचा तो वारसा आमच्या दादाने उचलला. दादा सुरतेजवळ चलथाणला स्थायिक झाला त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला. चलथाण हे पलसाणा तालुक्यातले मोठे गाव आहे. जवळून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, भुसावळहून सुरतेला जाणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग गावाला लागून आहे आणि साखर कारखान्यामुळे हंगामात डांग, नंदुरबार, धुळ्याकडील ऊसतोड कामगारांची पाले आसपासच्या शेतांतून पडतात. त्यामुळे बाजारात गुजरातीबरोबर अहिराणी आणि मराठीही सहज कानी पडते. दादा कारखान्यात पॅनवर आहे. ज्यांनी ते काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस आटवून झालेला दाट पाक पॅन नावाच्या उंच बंद भांड्यात उकळत ठेवतात आणि त्यात साखरेचा दाणा धरतो. दाणा धरला की नाही, सारखा आहे की नाही, हे पॅनवरचा माणूस थोडा पाक काचेच्या पट्टीवर घेऊन उजेडात पाहून ठरवतो. यंत्रे कितीही आली तरी ती नजर लागते. अशा माणसाला घरी बसलेला असतानाही घरी आहे असे म्हणता येत नाही.

२०२३ साली पुनरुत्थानाचा सण ९ एप्रिलला होता. सणाची धामधूम आटोपल्यावर धर्मगुरूला चार दिवस मोकळे मिळतात, ते घेऊन मी दादाकडे गेलो. आई तेव्हा त्याच्याकडेच होती. भुसावळकडून येणारी गाडी नवापूरला थांबली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये वेगळी झाली तेव्हापासून या स्थानकाचा निम्मा फलाट महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत आहे, त्यामुळे तेथील बाकावर बसून प्रवासी गमतीने एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवतात. व्यारा, बारडोली गेले आणि चलथाण आले.

घरी पाहिले तो वातावरण अंमळ जड होते. पुतणी बारावी झाली होती आणि तिला परिचारिकेच्या शिक्षणासाठी मिरजेला जायचे होते. वहिनीची संमती होती, आईचा आशीर्वाद होता, दादा मात्र काही बोलत नव्हता. नाही म्हणत नव्हता आणि हो म्हणत नव्हता. विषय निघाला की पाळीची वेळ होई. वहिनी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "भाऊजी, या घरात चौघेजण एका वेळी ताटावर बसलेत असं शेवटचं कधी झालं, मला आठवत नाही. बोलणार कधी आणि कोण?"

बोटीची कल्पना पुतण्याची. तो सातवीत होता आणि त्याच्या वर्गातील निम्मी मुले सुट्टीत काठेवाडात आपल्या गावी बोटीने जात. मला बुधवारचा दिवस मोकळा होता, दादालाही साप्ताहिक सुट्टीला जोडून एक रजा मिळत होती. सकाळच्या बोटीने हझिऱ्याहून घोघ्याला जायचे, तेथे थोडे हिंडायचे आणि संध्याकाळच्या बोटीने परत यायचे. काम काहीही नाही. दादाला हेच पटेना. "पलीकडे आपलं कोण आहे? कोणाला भेटायचं नाही, काही आणायचं नाही, मग एवढे पैसे पाण्यात घालायचे कशाला?" पैसे खरोखरच पाण्यात घालायचे होते, त्यामुळे त्याला उत्तर देणे कठीण होते. शेवटी पुतणी म्हणाली, "पप्पा, जून महिन्यात मी गेले तर असा दिवस पुन्हा कधी येईल?" दादा उठून गेला, पण तासाभराने त्याने तिकिटांची चौकशी केली.

ही बोट मुळात सहलीसाठी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. सहलीचे जहाज म्हटले की श्रीमंती डोळ्यांसमोर येते. मुंबईहून गोव्याला जाणारी 'आंग्रिया' २०१८ साली अशाच हौसेने सुरू झाली आणि काही काळाने थांबली. आमची बोट ट्रक वाहणारी. नकाशात पाहिले तर सुरत आणि भावनगर समोरासमोर आहेत, मध्ये फक्त खंभातचे आखात. पण सडकेने जायचे तर वडोदऱ्याकडून आखाताच्या टोकाला पूर्ण वळसा घालावा लागतो. सुमारे 370 किलोमीटर आणि दहा-बारा तास. पाण्यावरून तेच अंतर 90 किलोमीटरच्या घरात येते आणि चार तासांच्या आसपास पोहोचता येते. म्हणून ८ नोव्हेंबर २०२० रोजी ही सेवा सुरू झाली. ज्या 'वॉयेज सिंफनी' जहाजाने ती सुरू झाली, त्यात 30 ट्रक, 100 मोटारी आणि 500 उतारू मावत. खालच्या पोटात गाड्या, वर माणसे. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० मध्ये अशीच बोट सुरू झाली, ती काही वाचकांनी पाहिली असेल. सांगायचे ते इतकेच की वेळ वाचवण्यासाठी काढलेल्या बोटीवर आम्ही वेळ घालवण्यासाठी चढत होतो.

सुरतेतील बहुतेक उतारू वेळ वाचवणारेच होते. हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर, त्यांना तिकडे रत्नकलाकार म्हणतात, हे मोठ्या संख्येने भावनगर-अमरेलीकडील असतात. त्यांची कुटुंबे, पोती, नवा पंखा, एका बाईच्या मांडीवर झाकण बांधलेला हंडा. आमच्या शेजारी बसलेल्या वृद्ध काठेवाडी गृहस्थांनी विचारले की घोघ्याला कोणाकडे. कोणाकडेच नाही, नुसते फिरायला, असे मी सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे जरा काळजीने पाहिले.

आईची भीती वेगळी होती. भंडारदऱ्याच्या पाण्यावरच्या पाटाखेरीज मोठे पाणी तिने जवळून पाहिलेले नाही. धक्क्यावर आल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "जमीन सोडून कशाला जायचं, बाबा?" इतक्यात उसाच्या ट्रकाएवढे अवजड ट्रक एकामागून एक जहाजाच्या पोटात शिरताना तिने पाहिले आणि जहाज काही हलले नाही. तिचा हात सैल झाला. "एवढं ओझं घेऊन बुडत नाही, तर आपलं काय ओझं," असे म्हणून ती जी चढली, ती मग खिडकीजवळची जागा धरूनच बसली. बोट लागेल म्हणून वहिनीने लिंबे आणली होती, ती जेवणात पिळण्याच्या उपयोगी आली.

दादा मात्र पहिला तासभर बसला नाही. गाड्या साखळ्यांनी कशा जखडतात ते त्याने पाहिले, यंत्राचा आवाज ऐकून त्याची शक्ती किती असेल याचा अंदाज बांधला, एका खलाशाला तेलाविषयी विचारले. दरम्यान कारखान्यातून दोनदा दूरध्वनी आला. पॅनवर त्याच्या जागी आलेल्या तरुणाला दाण्याची शंका होती. दादा कठड्याशी उभा राहून सांगत होता, "पाणी सोड, घाई करू नको." हझिऱ्याच्या गिरण्यांचे धुरांडे आणि वायूच्या टाक्या मागे पडल्या, तापीचे मुख दिसेनासे झाले आणि मग तिसरा दूरध्वनी अर्ध्यातच तुटला. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मनोऱ्याची पोच राहत नाही. दादाने यंत्र दोनदा हलवून पाहिले, डोक्यावर धरले आणि शेवटी खिशात ठेवले. आता त्याला करण्यासारखे काहीच उरले नव्हते. उतरून जाता येत नव्हते, कोणाला हाक मारता येत नव्हती. तो येऊन आईच्या शेजारी बसला.

सडकेने सहलीला गेलो असतो तर दादाने चाक बदलले असते, पंपावर भाव विचारला असता, चार ठिकाणी उतरला असता. कष्टाळू माणसाला विश्रांती सुचवून उपयोग नसतो, त्याच्या भोवतीचे सारे काम काढून घ्यावे लागते. ते त्या पाण्याने केले.

खंभातचे पाणी निळे नाही. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या नद्यांचा गाळ येथे येऊन पडतो, त्यामुळे ते मातकट दिसते. पुतण्याने विचारले, "फादरकाका, हा समुद्र की पूर आलेली नदी?" प्रश्न चुकीचा नव्हता. हे आखात नरसाळ्यासारखे आहे, मुखाशी रुंद आणि आत अरुंद व उथळ. बाहेरून आलेल्या भरतीला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ती उंच चढते. भावनगरकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात 10 मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे तीन मजली घराएवढा. भावनगर बंदरात म्हणूनच पाणी अडवून धरणारा दरवाजा बांधावा लागला. घोघ्याहून दहेजला जाणारी बोट २०१७ साली सुरू झाली होती, ती याच गाळाने दोन वर्षांत बंद पाडली. त्या दिवशी पौर्णिमा होऊन सहा दिवस लोटले होते, म्हणजे भांगाचे दिवस, त्यामुळे पाणी शांत होते.

शेजारच्या काठेवाडी गृहस्थांना आता आमच्याविषयी आपुलकी वाटू लागली होती. त्यांनी मला त्यांच्या किनाऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. 'लंकानी लाडी ने घोघानो वर' अशी गुजरातीत म्हण आहे, म्हणजे नवरी लंकेची आणि नवरा घोघ्याचा. घोघ्याचे खलाशी इतक्या दूरदूरच्या बंदरांत जात. मग त्यांनी 'वैतरणा' या आगबोटीची हकीकत काढली. त्या बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईला निघालेली ती बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेले विद्यार्थीही तिच्यावर होते. मला १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना बुडालेली आपली 'रामदास' आठवली. आई उत्सुकतेने विचारत होती, "काय म्हणतात ते?" मी म्हणालो, "इकडचे खलाशी फार हुशार असतात म्हणतात." ही हकीकत मी तिला घरी पोहोचल्यावर सांगितली.

बोलता बोलता पाहतो तो दादा खुर्चीत झोपी गेला होता. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडे, हात मांडीवर उपडे. रात्रपाळीनंतरच्या झोपेत माणसाच्या कपाळावर एक आठी असते, ती नव्हती. आई त्याच्याकडे पाहत राहिली आणि सवयीने तिने तोंडावर बोट ठेवले. वास्तविक भोवती तीनशे-चारशे माणसे बोलत होती, खाली यंत्र घुमत होते, मुले धावत होती. तरीही आम्ही सारे गप्प झालो. वहिनीने डबा उघडायचा थांबवला. खिडकीतून ऊन त्याच्या चेहऱ्यावर येऊ लागले, तेव्हा आईने आपल्या लुगड्याचा पदर खिडकीच्या काचेवर धरला आणि हात अवघडेपर्यंत तसाच ठेवला. मग पुतणीने तो तिच्या हातातून घेतला. आजी आणि नात आळीपाळीने पदर धरून बसल्या होत्या. पुढे अर्ध्या-पाऊण तासाने दादा जागा झाला तेव्हा पदर पुतणीच्या हाती होता. त्याने तिच्याकडे पाहिले, उन्हाकडे पाहिले आणि काही न बोलता डब्यासाठी हात पुढे केला.

घोघ्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. धक्क्यावर पाण्याबरोबर वर-खाली होणारा लोखंडी पूल आहे, त्यावरून गाड्या उतरतात. पुतण्याला त्याने तासभर खिळवून ठेवले. गावात जुन्या बंदराच्या खुणा आहेत, समोर पाण्यात पीरम बेट आहे. आम्ही एका झाडाखाली बसलो, भावनगरी गाठ्या खाल्ल्या, चहा घेतला. दादाचा दूरध्वनी पुन्हा जिवंत झाला होता. त्याने तो पाहिला, कारखान्यातील तरुणाला एकच वाक्य सांगितले आणि ठेवून दिला. दाणा नीट धरला होता म्हणे.

परतीच्या बोटीवर ऊन उतरल्यावर आम्ही वरच्या मजल्यावर कठड्याशी उभे राहिलो. दादा आणि पुतणी आमच्यापासून चार हातांवर होती. वाऱ्यामुळे बोलणे तुटक ऐकू येत होते आणि मी ते ऐकू नये असे मला वाटत होते. पण आमच्या घरात इतके थोडे बोलले जाते की कान आपोआप तिकडे गेले.

"पप्पा, मी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं का?"

दादा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वाटतं."

ती गप्प झाली.

"तू तीन वर्षांची होतीस तेव्हा मी रात्रपाळीहून आलो की तू शाळेत, तू आलीस की मी झोपलेला, तू झोपलीस की मी पुन्हा कामावर. मला वाटायचं, हंगाम संपला की बघू. असे पंधरा हंगाम गेले. आता कुठे तुझ्याशी बोलावं म्हटलं, तर तू निघालीस." एवढे लांब वाक्य दादाच्या तोंडून मी अनेक वर्षांत ऐकले नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "परिचारिकेलाही रात्रपाळी असते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. घरात बघितली आहे."

"दिवसा झोपायचं तर खोलीला जाड पडदा घे. पातळ पडद्यानं झोप लागत नाही."

यावरून समजायचे ते पुतणी समजली. तिने मान हलवली. पुढे ती दोघे मिरजेच्या पाण्याविषयी, मेसच्या जेवणाविषयी, सुरतेहून कोणती गाडी सोयीची पडेल याविषयी बोलत राहिली. वहिनीने माझ्याकडे पाहिले, पण आम्ही दोघेही काही बोललो नाही. आई तेव्हा खाली काठेवाडी बायकांमध्ये बसली होती. ती त्यांच्याशी मराठीत आणि त्या तिच्याशी गुजरातीत बोलत होत्या, आणि कोणाचेही काही अडत नव्हते.

माझ्यासारख्या एकट्या माणसाला कुटुंब म्हणजे काय हे इतरांच्या घरी जाऊनच पाहावे लागते. लग्ने लावताना, बाप्तिस्मे देताना, घरे आशीर्वादित करताना मी कुटुंबे पाहतो ती सणाच्या कपड्यांत. सातव्या दिवसाच्या विश्रांतीवर मी प्रवचनेही केली आहेत, आणि रविवार हा माझाच सर्वांत धावपळीचा दिवस असतो. त्या बुधवारी आम्ही सहा जण मिळून एकूण सात-आठ तास पाण्यावर होतो. त्यातले बरेच तास कोणी काही केले नाही, कोणी काही शिकवले नाही, कोणी कोणाला उठवले नाही. असे तास धर्मग्रामातील कितीशा घरांना वर्षातून एकदा तरी मिळतात, हा विचार अलीकडे कौटुंबिक भेटींना जाताना माझ्या मनात येतो. त्यासाठी समुद्र लागतो असे नाही. बोट लागते असेही नाही. पण ज्या घरांत पाळ्या आहेत, ज्यांची माणसे पहाटेच्या लोकलने जातात, ज्यांची दुकाने रात्री अकराला बंद होतात, त्यांना असे काहीतरी शोधावे लागते जेथून लगेच उठून जाता येत नाही.

हझिऱ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा सर्वांचे दूरध्वनी एकदम वाजू लागले. तेथून चलथाणपर्यंत सुरत शहर ओलांडून यायला दीड तास लागला. आई गाडीत झोपली. दादाने गाडी चालवली आणि उधन्याच्या गर्दीत त्याने नेहमीप्रमाणे चार जणांना शब्द ऐकवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कामावर गेला. मला दुपारची गाडी होती. मी सामान बांधत असता वहिनी जमाखर्चाची वही घेऊन बसली होती. तिच्या वहीत वर्षानुवर्षे तेच रकाने आहेत, किराणा, शाळा, दवाखाना, गावाकडे, सण. कालच्या तिकिटांचे आणि चहापाण्याचे पैसे तिने कोठे मांडले ते मी विचारले. तिने वही माझ्याकडे फिरवली. सणाच्या रकान्यात नाताळ होता, पुनरुत्थान होते, आणि खाली बुधवार, १२ एप्रिल असे लिहिले होते.